धरसोड कीं साधना ? : धुंडिराज गोविंद फाळके यांचीं पहिलीं चाळीस वर्षें

एखाद्या मनुष्याच्या हातून मोठें कार्य घडलें म्हणजे त्याचें चरित्र लिहिणाराचें काम एका अर्थानें सोपें होतें आणि दुसऱ्या अर्थानें फसवें होतें. सोपें अशासाठीं कीं, शेवट ठाऊक असल्यामुळें मागच्या सर्व गोष्टी त्या शेवटाकडे वळवून सांगतां येतात. फसवें अशासाठीं कीं, त्या गोष्टी घडत असतांना तो शेवट कोणासच ठाऊक नव्हता, त्या मनुष्यास नव्हता आणि त्याच्या घरच्यांसही नव्हता, याचें चरित्रकारास विस्मरण पडतें. मग बाळपणींचा प्रत्येक छंद भावी यशाचें चिन्ह ठरतो, आणि वाटेंत सोसलेले धक्के केवळ कथेची गोडी वाढविण्यापुरते उरतात.

दादासाहेब फाळके यांच्याविषयीं असें पुष्कळ झालें आहे. 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' ही पदवी त्यांच्या नांवास इतकी घट्ट चिकटली आहे कीं, ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तेव्हां त्याच्या कर्त्याचें वय त्रेचाळीस वर्षांचें होतें, ही साधी गोष्टही सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्रेचाळीस हें कांहीं मध्यम वर्गांतल्या गृहस्थानें अपरिचित धंद्यांत उडी घेण्याचें वय नव्हे. या वयांत माणूस मुलांच्या शिक्षणाचा हिशेब करूं लागतो आणि नव्या हौसेला हात जोडतो. तेव्हां या त्रेचाळीस वर्षांत या गृहस्थांनीं काय केलें, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यांच्या एखाद्या प्रामाणिक शेजाऱ्यास हाच प्रश्न १९१० सालीं कोणी विचारला असता, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' याहून निराळें उत्तर त्यास बहुधा सुचलें नसतें. हा शेजारी चुकला कीं नाहीं, आणि चुकला तर कोठें चुकला, एवढेंच आम्हांस प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरीं झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. घरांत वेदपठण, पुराण, पूजाअर्चा; गांवांत ज्योतिर्लिंग, गोदावरीचा उगम आणि बाराही महिने यात्रेकरूंची ये-जा. अशा घरीं आणि अशा क्षेत्रीं वाढलेल्या मुलास हरिश्चंद्र, सावित्री, श्रीकृष्ण यांच्या कथा पुस्तकांतून शिकाव्या लागत नाहींत. त्या कानांवरून आणि डोळ्यांसमोरून जातच असतात. परंतु या मुलाचें मन पोथीपेक्षां चित्रांत, नाटकांत आणि हातचलाखीच्या खेळांत अधिक रमे. दाजीशास्त्र्यांस मुंबईस संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब तेथें गेलें, तेव्हां या आवडीस वाट सांपडली. १८८५ सालीं धुंडिराज जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. शास्त्र्याच्या मुलानें त्या काळीं रंग-कुंचला हातीं घ्यावा हें सोपें नव्हतें, आणि वडिलांनीं त्यास तशी मोकळीक दिली ही गोष्ट आम्हांस मुलाच्या आवडीइतकीच महत्त्वाची वाटते.

पुढें ते थोरल्या भावाकडे बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें तेथें १८९० सालीं कलाभवन निघालें होतें, आणि त्याची धुरा प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातीं होती. या संस्थेचा विशेष हा कीं, तेथें कला आणि उद्योग यांच्यांत भिंत घातलेली नव्हती. चित्र काढणें, रंग तयार करणें, छायाचित्र धुणें, ठसे करणें हीं सर्व एकाच छपराखालीं शिकतां येत. फाळक्यांनीं तेथें तैलचित्रण केलें, जलरंग हाताळले, नमुने घडविले, छायाचित्रणाचा कॅमेरा मिळविला. आदर्श नाट्यगृहाच्या त्यांनीं केलेल्या प्रतिकृतीस १८९२ सालच्या अहमदाबादच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. गज्जरांनीं त्यांस रतलामला धाडून तिरंगी ठशांची विद्या शिकविली. याच गोष्टीकडे आमच्या वाचकांनीं लक्ष द्यावें: जो केवळ धरसोड करतो तो शिकण्याच्या पहिल्या गोडीनंतर विषय टाकतो. फाळक्यांनीं मात्र प्रत्येक विद्या, ती दुसऱ्यास विकतां येईल इतकी पुरी केली आणि मगच पुढची हातीं घेतली.

त्यानंतरचीं वर्षें कष्टाचीं आहेत. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रकाराचें दुकान थाटलें. प्लेगच्या सांथींत तेथें त्यांची पत्नी आणि मूल दगावलें. दुकान मोडून ते बडोद्यास परतले. तेथें कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो आणि आयुष्य तोडतो, ही समजूत धंद्याच्या आड आली. मग त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगारापासून जादू शिकून, आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं फिरवून, 'प्रोफेसर केळफा' या नांवानें त्यांनीं खेळही केले. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू किर्लोस्कर नाटकमंडळीच्या चालकांच्या नात्यांतील होती, आणि सासरीं तिचें नांव सरस्वती ठेवण्यांत आलें. १९०३ सालीं त्यांस सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. घरच्या मंडळींनीं या वेळीं सुस्कारा टाकला असेल. पण बंगालच्या फाळणीनें स्वदेशीची लाट उसळली, आणि १९०६ च्या सुमारास फाळक्यांनीं ती नोकरी सोडून लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. जवळच मळवलीस रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता. त्याचें काम त्यांनीं केलें. पुढें छापखाना दादरला आला, त्यास भांडवलदार भागीदार मिळाला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असें नांव मिळालें. १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं फाळके जर्मनीस जाऊन आले. आतां घडी बसली असें वाटत असतांनाच भागीदारांशीं मतभेद झाले, आणि आपल्याच हातांनीं उभारलेल्या कारखान्यांतून ते रिकाम्या हातीं बाहेर पडले.

शेजाऱ्याचा हिशेब येथें पुरा होतो. चित्रकार, छायाचित्रकार, पडदे रंगविणारा, जादूगार, सरकारी नोकर, छापखानेवाला : वय चाळीस, शिल्लक शून्य.

याच सुमारास, कोणी १९१० चा नाताळ म्हणतात तर कोणी १९११ चा ईस्टर, मुंबईच्या गिरगांवांतील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्यें फाळक्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू हिंडत होता आणि फाळक्यांच्या मनांत राम आणि कृष्ण हिंडूं लागले, असें त्यांनीं पुढें 'नवयुग' मासिकांतील आपल्या लेखमालेंत स्वतःच सांगितलें आहे. या प्रसंगाचें वर्णन साक्षात्कार म्हणून करण्याची प्रथा पडली आहे. आम्ही ती मोडूं इच्छीत नाहीं. परंतु एक शंका विचारतों. तोच चित्रपट त्या दिवसांत मुंबईंत हजारों लोकांनीं पाहिला असेल. चलच्चित्रें कांहीं नवीं नव्हतीं. ल्यूमिएर बंधूंचा खेळ वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजींच झाला होता. मग हा विचार याच प्रेक्षकाच्या मनांत कां रुजला ? आमच्या मतें उत्तर असें कीं, इतरांनीं पडद्यावर कथा पाहिली आणि फाळक्यांनीं कथेबरोबर कामही पाहिलें. देखावा कसा रंगविला असेल, प्रकाश कोठून आला असेल, पट्टी कशी धुतली असेल, माणूस क्षणांत अदृश्य कसा झाला असेल, या प्रत्येक प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांच्या हातांत आधींपासूनच होतें. चलच्चित्र म्हणजे त्यांनीं आजवर एकएक करून सोडलेल्या सर्व धंद्यांची बेरीज होती.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. पुढील वर्षाचा क्रम तिला आधार देतो. चित्रपट पाहण्यांत आणि यंत्रें तपासण्यांत त्यांनीं रात्रीच्या रात्री घालविल्या. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं दृष्टि जाण्याची वेळ आली, आणि डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारानें ती वांचली. मग बारा हजार रुपयांच्या विमापत्रांवर त्यांनीं दहा हजारांचें कर्ज काढलें आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजीं विलायतेची बोट धरली. तेथें 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांची व त्यांच्या मध्यस्थीनें सेसिल हेपवर्थ या निर्मात्याची गांठ पडली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र विकत घेतलें, कोडॅकची कोरी फिल्म मागविली, आणि १ एप्रिलला ते परत आले. जाण्यायेण्याचा प्रवास वजा जातां लंडनांत त्यांस फार तर महिनाभर मिळाला असेल. एका महिन्यांत हा धंदा कोणी शिकत नाहीं. पंचवीस वर्षें शिकून झाल्यावर एका महिन्यांत फक्त राहिलेली उणीव भरून काढतां येते. यंत्रसामग्री मे महिन्यांत आली, तेव्हां सोबतच्या आकृतींवरून चार दिवसांत ती त्यांनीं जोडली. ज्यानें छपाईचीं यंत्रें जोडलीं होतीं त्यास हें कठीण गेलें नाहीं, यांत नवल कसलें ? भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं अंकुराच्या वाढीचें छोटें चित्र तयार केलें. दिवसाला एक चौकट याप्रमाणें महिनाभर घेतलेल्या छायाचित्रांतून वाटाण्याचें रोप पाहतां पाहतां मोठें होई. ही छायाचित्रकाराची चिकाटी आणि जादूगाराची दृष्टि, दोन्हीही त्यांनीं पूर्वींच कमावलेलीं होतीं.

येथें दुसऱ्यांचें श्रेय आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालींच मुंबईंत कुस्तीचें चलच्चित्र घेतलें होतें. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळजवळ एक वर्ष आधीं, त्याच कॉरोनेशनमध्यें दाखविण्यांत आला. पहिला कोण, हा वाद त्यामुळें अधूनमधून पेटतो. परंतु 'पुंडलिक' हें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें आणि त्याची फिल्म धुण्यासाठीं विलायतेस गेली होती. फाळक्यांचें वैशिष्ट्य आधीं येण्यांत नाहीं. कथा, चित्रण, धुलाई, छपाई हीं सर्व अंगें त्यांनीं येथल्या येथें, एका घरांत उभीं केलीं, यांत आहे. तोरण्यांनीं एक चित्रपट केला, फाळक्यांनीं धंदा निर्माण केला, असें म्हटल्यानें कोणावरही अन्याय होत नाहीं.

'एका घरांत' हे शब्द आम्ही अक्षरशः योजले आहेत. दादरचें राहतें घर हाच कारखाना झाला. नट-मंडळींस विचारलें असतां आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत कामास आहों असें सांगावें, अशी व्यवस्था होती; कारण चित्रपटांत काम करणें प्रतिष्ठेचें नव्हतें. तारामतीसाठीं एकही स्त्री मिळेना. शेवटीं ग्रँट रोडच्या खाणावळींत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस त्यांनीं राणी केलें. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके झाले, रोहिदास त्यांचा स्वतःचाच मुलगा भालचंद्र झाला. सुमारें सात महिन्यांत ३,७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला.

या ३,७०० फुटांचा अर्थ काय, हें जरा हिशेबानें पाहूं. फुटाला सोळा चौकटी पडतात, म्हणजे जवळजवळ साठ हजार छायाचित्रें. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चारचार भोंकें. म्हणजे फुटाला एका कडेवर चौसष्ट. कोरी फिल्म या भोंकांविना येई आणि तीं अंधारांत, यंत्राच्या साह्यानें, घरींच पाडावीं लागत. एका कडेचीं भोंकें मोजलीं तरी तीं दोन लाखांच्या वर जातात, आणि त्यांत टाकून दिलेली फिल्म व छापलेल्या प्रती धरलेल्या नाहींत. भोंकांच्या अंतरांत केसाएवढी चूक झाली तर पडद्यावर चित्र थरथरतें. हें काम सरस्वतीबाईंनीं केलें. दिवसां पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक आटोपून, रात्रीं. फिल्म धुण्याचीं रसायनें त्यांनीं कालविलीं, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडांवर प्रकाश पाडला, आणि पैसा संपला तेव्हां अंगावरचे दागिने काढून दिले. 'हौसेला मोल नाहीं' असें आपण म्हणतों. मोल असतें, तें बहुधा दुसरेंच कोणी भरीत असतें. फाळक्यांच्या चरित्रांत हें मोल भरणारें माणूस आपल्या इच्छेनें आणि समजून-उमजून भरीत होतें, म्हणून ती हौस फळास आली. त्यांच्या यशाचा अर्धा वाटा या बाईंचा आहे, हें कौतुकानें नव्हे तर हिशेबानें म्हटलें पाहिजे.

यश आल्यावर १९१३ सालींच त्यांनीं आपलें बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास हलविला. घाट, देवळें, डोंगर, राने आणि स्वच्छ ऊन हें सर्व तेथें आयतें होतें. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या धंद्यास याहून योग्य जागा कोणती? 'मोहिनी भस्मासुर'मध्यें दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं काम करून स्त्रियांस पडद्याची वाट मोकळी केली. १९१४ सालीं फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनला गेले. तेथेंच राहून चित्रपट काढावे असें त्यांस सुचविण्यांत आलें, पण ते नाशिकास परत आले. महायुद्धांत भांडवल आटलें, कर्ज वाढलें. तरी १९१७ सालीं 'लंकादहन' निघाला. त्यांत साळुंक्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि प्रेक्षकांनीं गर्दी केली. १ जानेवारी १९१८ रोजीं भागीदारीनें 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांत त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. कालियाचा देखावा आजही पाहणाराच्या ध्यानांत येतें कीं, प्रोफेसर केळफा अद्याप निवृत्त झालेले नाहींत.

आणि मग तीच जुनी गोष्ट पुन्हां घडली. खर्चावरून भागीदारांशीं बिनसलें, फाळके कंपनी सोडून काशीस गेले, तेथें त्यांनीं 'रंगभूमि' नाटक लिहिलें. १९२२ मध्यें परत आले, पण पूर्वीचा अधिकार उरला नव्हता. १९३१ च्या मार्चांत 'आलम आरा' बोलूं लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झाला आणि त्यास मागाहून वाचा जोडावी लागली. कोल्हापूर सिनेटोनसाठीं त्यांनीं १९३७ सालीं 'गंगावतरण' हा एकच बोलपट केला. वय सदुसष्ट होतें. त्यानंतर ते नाशिकास राहिले. १९३९ सालीं भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हां त्यांच्या हलाखीची जाणीव होऊन, व्ही. शांताराम प्रभृतींच्या खटपटीनें निधि जमला आणि नाशिकांत त्यांच्यासाठीं घर झालें. तेथेंच १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

या उत्तरार्धाचा दोष कोणाकडे ? कोणी कृतघ्न धंद्याकडे बोट दाखवितात, कोणी फाळक्यांच्या हट्टी स्वभावाकडे. आम्हांस दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. फ्रान्सांतील जॉर्ज मेलिएस याचें उदाहरण घ्यावें. तोही चित्रकार, जादूगार, नाट्यगृहाचा मालक. त्यानेंही सर्व कामें आपल्या हातांनीं करून चित्रपट काढले, आणि उतारवयांत पॅरिसच्या एका रेल्वेस्टेशनांत तो खेळणीं विकीत बसला. फाळक्यांस ज्यानें आपला कारखाना दाखविला तो हेपवर्थ १९२४ सालीं दिवाळखोर झाला आणि त्याच्या मूळ फिल्मा वितळविल्या गेल्या. तीन देश, तीन स्वभाव, गति मात्र एक. धंदा जन्मास येतो तेव्हां त्याचीं अंगें वेगळीं झालेलीं नसतात. म्हणून त्यास सर्व कामें एकट्यानें जाणणारा माणूसच जन्म देऊं शकतो. धंदा वाढला कीं कामें वांटलीं जातात, हिशेबनीस येतो, वेळापत्रक येतें. आणि सर्व कांहीं आपल्याच हातीं असावें हा जो जन्मदात्याचा गुण, तोच भागीदारांच्या दृष्टीनें दोष ठरतो. फाळक्यांचा स्वभाव १९१२ सालीं आणि १९१९ सालीं एकच होता. बदलली होती ती परिस्थिति.

आतां शेजाऱ्याकडे वळूं. तो अगदींच चुकला असें आम्ही म्हणणार नाहीं. बहुतेक धरसोड ही धरसोडच असते. शंभर हौशी माणसांत एखादाच फाळके निघतो, आणि उरलेल्या नव्याण्णवांच्या घरांत कर्ज तेवढें उरतें. आमच्यासारख्या शिक्षकाकडे पुष्कळ पालक येतात आणि मुलगा अभ्यास सोडून खिशांतल्या दूरध्वनीनें चित्रें घेत बसतो, असें सांगतात. त्यांस फाळक्यांचें नांव सांगून धीर देणें हें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. परंतु शेजाऱ्याची एक गफलत झाली होती : त्यानें फाळक्यांनीं सोडलेले धंदे मोजले, पुरी केलेली विद्या मोजली नाहीं. आवड किती काळ टिकली याची चौकशी करण्यापेक्षां, त्या आवडीपोटीं मुलानें कोणतें कंटाळवाणें काम शेवटास नेलें याची चौकशी पालकांनीं करावी. त्याचबरोबर त्या कामाचा भार घरांतलें कोण उचलीत आहे आणि तें राजीखुशीनें उचलीत आहे कीं मुकाट्यानें, हेंही पाहावें. या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर चाळीसाव्या वर्षीं शिल्लक शून्य दिसली तरी खातें बुडालें असें समजण्याचें कारण नाहीं.